नेट यायला नेट लागतं

आमचा कॉम्प्युटर आजारी नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. थोडा सुस्त होता. सकाळी बटण दाबलं की तो पुरता जागा होईपर्यंत माझी दाढी आटोपायची, एवढंच. पण माणूस एकदा दुसऱ्याचं भलं करायचं ठरवून बसला की धडधाकट जीवालाही अंथरुणाला खिळवतो. मी तेच केलं. तेही ऐन रविवारी, आणि त्याच रविवारी संध्याकाळी पाच वाजता हिची परीक्षा होती.

ही म्हणजे माझी बायको, आणि परीक्षा आवाजाची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ती रेकॉर्ड करणारी एक संस्था आहे. त्या संस्थेला एक कायमची वाचक हवी होती. अर्ज भरपूर आले. गाळून गाळून शेवटी दोघी उरल्या: एक आमची ही, आणि दुसरी रेडिओवर बातम्या देऊन निवृत्त झालेली कुणी बाई. शेवटची परीक्षा आपापल्या घरून, कॉम्प्युटरला माइक लावून द्यायची होती. मोबाईलवरून चालणार नाही आणि वेळेवर जी हजर नसेल तिचं नाव बाद, असं संस्थेनं स्वच्छ कळवलं होतं.

हिला वाचायची सवय माझ्या आईमुळे लागली. आईची नजर अधू झाल्यापासून ही तिला रोज सकाळी पेपर वाचून दाखवते, आणि तोही सपाट आवाजात नाही. मंत्री बोलले की मंत्र्यांचा आवाज, हवालदार बोलला की हवालदाराचा, साबणाची जाहिरात आली की साबण विकणाऱ्या पोरीचा. आई म्हणते, "हिनं वाचलं की पेपरातली माणसं घरात येऊन बसतात." मी त्या वेळी डबा, रुमाल आणि चष्मा शोधत असतो, त्यामुळे माझ्या वाट्याला ती माणसं कधी आली नव्हती.

मी पाणीपट्टीच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा साहेबांच्या देखत न फाडता बाहेर काढला. तेव्हापासून आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरमधलं कुणाला कळतं, तर मला, असं ठरून गेलं आहे. अशा माणसाच्या घरी परीक्षेच्या मध्यातच कॉम्प्युटर अडला तर लोक काय म्हणतील? हा प्रश्न हिला पडला नव्हता. मला पडला. त्यातच जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब भेटले. आम्ही त्यांना समोर 'साहेब' आणि मागे 'सर्वज्ञ' म्हणतो. ते ज्या खात्यातून निवृत्त झाले ते खातं कुठलं हे कुणालाच माहीत नाही, पण ते सगळ्याच खात्यांतलं बोलतात.

"फॉरमॅट मारा," सर्वज्ञ म्हणाले. "जुनं सगळं पुसायचं आणि सिस्टीम नव्यानं टाकायची. घोड्यासारखा पळेल."

मी घरात येऊन हा बेत घोड्यासकट जाहीर केला.

"अहो, चाललंय ते चालू दे ना," ही म्हणाली. "काल मी माइक लावून सगळं बघितलंय. व्यवस्थित आहे."

"अगं, तू तुझ्या वाचनाचं बघ. मला कळतं यातलं."

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. ते पुढे माझ्या फार अंगाशी आलं.

पुसण्याचं काम झटपट झालं. पुसण्यात आमच्या खात्याचा हात कुणी धरू शकत नाही. नवी सिस्टीमही चढली, नवं कोरं चित्र पडद्यावर आलं, आणि मी आईला बोलावून दाखवलं. तिला दिसलं नाही, पण तिनं "छान" म्हटलं. मग मी नेट उघडायला गेलो, तर नेट नाही.

नुसतं नेट नाही असं नाही. नेट म्हणून जगात काही असतं याचीच त्या कॉम्प्युटरला आठवण राहिली नव्हती. बरीच खुडबूड केल्यावर उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या पोटात नेटशी बोलणारा एक भाग असतो, त्याला नेटवर्क अडॅप्टर म्हणतात. तो जागच्या जागी होता. पण त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे सिस्टीमला शिकवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो मी जुन्या सिस्टीमबरोबर पुसून टाकला होता. अडॅप्टरच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह येऊन बसलं होतं. त्यावर टिचकी मारली तर कॉम्प्युटर म्हणाला: 'ड्रायव्हर मिळवण्यासाठी कृपया इंटरनेटला जोडा.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. आमच्या ऑफिसात रहिवासी दाखला हवा तर पाण्याचं बिल आणा आणि पाण्याचं कनेक्शन हवं तर रहिवासी दाखला आणा असं आम्ही सांगतो, पण ते आम्ही माणसं आहोत म्हणून. यंत्रानं असं वागायला नको.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

मी समजावून सांगितलं.

"म्हणजे चप्पल घ्यायला दुकानात जायचं, पण अनवाणी माणसाला दुकानात घेत नाहीत," आई म्हणाली. तिला पिवळं उद्गारचिन्ह न बघता जे कळलं ते मला बघून कळायला अर्धा तास गेला होता.

"अहो, मी काय म्हणते," ही दारातून म्हणाली, "ती माझ्या मोबाईलची वायर आहे ना, ती जर..."

"अगं, इथं घराला आग लागली आहे आणि तू मोबाईल चार्ज करायला निघालीस?"

ही आत गेली. आतून तिच्या सरावाचा आवाज आला, पण वाक्य मध्येच तुटलं. एरवी तिचं वाक्य तुटत नाही.

मी स्पीकर चालू करून नेट कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ सनई वाजली. मग एका मंजुळ आवाजानं सांगितलं, 'आपलं इंटरनेट बंद असल्यास आमच्या वेबसाईटवर तक्रार नोंदवा.' मी फोनवर ओरडलो, पण मंजुळ आवाज रेकॉर्ड केलेला होता. पुष्कळ आकडे दाबल्यावर एक जिवंत मुलगी मिळाली.

"सर, मोडेमवरचे दिवे कुठल्या रंगाचे आहेत?"

"हिरवे."

"अभिनंदन सर! तुमचं इंटरनेट उत्तम चालू आहे."

"अहो, पण माझ्या कॉम्प्युटरवर येत नाही ना!"

"तो आमचा विभाग नाही सर. आमच्या सेवेबद्दल समाधानी असाल तर पाच तारे द्या."

आता खोटं कशाला बोलू? नळाला पाणी नाही म्हणून लोक आमच्या खिडकीवर येतात तेव्हा आम्हीही विचारतो, मीटर आहे का? आहे. मीटर फिरतं का? फिरतं. मग पाणी आहे! खिडकीच्या आतून हे उत्तर किती सरळ वाटतं. बाहेरून ते कानशिलात बसल्यासारखं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात सर्वज्ञ उतरले. घोडा कसा पळतो ते बघायला आले होते. त्यांनी मोडेम बंद करून चालू केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग काही उरलं नाही म्हणून पंखा बंद करून चालू केला.

"कॉम्प्युटर घेतला तेव्हा एक सीडीची तबकडी आली असेल बघा," ते शेवटी म्हणाले. "सगळे ड्रायव्हर तिच्यात असतात. ती कुठं आहे?"

तबकडी कुठं आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता तेव्हा चमकणाऱ्या वस्तूला कबुतरं भितात असं कुणीतरी सांगितलं, आणि मी ती तबकडी दोऱ्याला बांधून बाल्कनीत टांगली. तेव्हापासून ऊन, वारा, पाऊस खात ती तिथं फिरते आहे. कबुतरं तिला भीत नाहीत. उलट तिच्यात बघून मान वेळावतात. असं सांगणारं 'कुणीतरी' म्हणजे सर्वज्ञच होते, पण ती वेळ वाद घालायची नव्हती.

मी स्टुलावर चढून तबकडी सोडवली. कठड्यावरच्या दोन कबुतरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरातला आरसा पळवतो आहे. भांडी घासायच्या साबणानं तबकडी धुतली, सदऱ्याला पुसली, उजेडात धरली. जागोजागी तिच्यातून पलीकडची इमारत दिसत होती. तरी मी ती कॉम्प्युटरच्या खणात ठेवली. खण आत गेला, पोटात दाणे भरडल्यासारखा आवाज झाला, आणि मग सगळं गप्प. खण काही केल्या बाहेर येईना. सर्वज्ञांनी फरशी पुसायच्या काठीनं प्रयत्न केला, मी टाचणीनं केला. ड्रायव्हर तर मिळाला नाहीच, वर आमची तबकडीही कॉम्प्युटरनं गिळली.

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली. ती तबकडीला म्हणाली की मला, हे मी विचारलं नाही.

जेवण कसंबसं उरकलं. ही नुसती घड्याळाकडे बघत होती. कधी नव्हे ते तिच्या भाजीत मीठ पडलं नव्हतं, आणि ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मोबाईलवरून ड्रायव्हर उतरवून घ्यावा म्हटलं, तर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाईटला मॉडेल नंबर हवा होता. नंबरचं लेबल रोजच्या पुसण्यानं कोरं झालं होतं. अंदाजानं एक नंबर घातला तर वॉशिंग मशीनचं चित्र आलं.

आता दुकान गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रविवारी एकच दुकान उघडं होतं आणि ते दोन चौक पलीकडे. कॉम्प्युटरचा डबा उचलून मी जिना उतरलो तोच कमरेत उसण भरली. तळमजल्यावरच्या वहिनींना माझी दया आली. "बाळ झोपलंय, तोवर बाबागाडी न्या," त्या म्हणाल्या, आणि ऊन लागू नये म्हणून त्यांनी डब्यावर दुपटंही घातलं. पाणीपुरवठा खात्याचा हेडक्लार्क भर दुपारी निळ्या सशांची बाबागाडी ढकलत निघाला. वाटेत ऑफिसातले आमचे साहेब सहकुटुंब भेटले. साहेबांच्या पत्नीनं "अगं बाई, कधी झालं?" म्हणून दुपटं उचललं. आत करडा पत्रा बघून त्यांनी ते पुन्हा झाकलं, आणि साहेब माझ्याकडे बघत राहिले. सोमवारी ऑफिसात या विषयाचं काय झालं ते मी सांगणार नाही.

दुकानदारानं डबा उघडला, मागच्या बाजूला नखाएवढं काहीतरी खोचलं, दोनदा टिकटिक केली आणि नेट आलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आनंदानं त्याचा हात हातात घेतला. गाडी ढकलत परत आलो, तेव्हा कमरेचं दुखणंही विसरलो होतो. घरी येऊन वायरी जोडल्या, बटण दाबलं. पिवळं उद्गारचिन्ह होतं तिथंच होतं.

मी दुकानदारालाही स्पीकरवरच फोन केला.

"साहेब, इथं तुमच्या डोळ्यांदेखत चालत होतं," तो म्हणाला. "म्हणजे दोष तुमच्या घराचा आहे."

"घराचा? भिंती पाडू की काय?"

"थांबा थांबा. ते नखाएवढं मागं लावलं होतं ना, तो आमचा नेटचा तुकडा. तपासायला लावला होता. नेट येतं हे बघितल्याबरोबर तो मी काढून घेतला. तो दुकानाचा असतो."

"मग आता?"

"आता शटर पाडलंय साहेब. उद्या या."

साडेचार वाजून गेले होते. मी खुर्चीत बसलो. इस्त्री केलेले कपडे घालून, केस नीट बांधून ही दारात उभी होती. हातात माइक होता. तिनं तो स्वतःच्या शिलाईच्या पैशातून आणला होता. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

"मी त्यांना फोन करून उद्याची वेळ मागतो," मी म्हणालो. "सांगतो की तांत्रिक अडचण..."

"नाही," ही म्हणाली. तो आवाज मंत्र्याचा नव्हता, हवालदाराचा नव्हता. तिचाच होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. "सकाळपासून मी एक वाक्य पुरं करायला बघतेय. आता सगळे बाजूला व्हा."

आम्ही बाजूला झालो. मघाशी पुन्हा उतरून आलेले सर्वज्ञही झाले. तिनं टेबलाचा खण उघडला, मोबाईल चार्ज करायची वायर काढली, एक टोक मोबाईलला लावलं, दुसरं कॉम्प्युटरला. मोबाईलवर काहीतरी दाबलं.

"असं होत नसतं," सर्वज्ञ म्हणाले.

झालं. कॉम्प्युटरला मोबाईलमधून नेट मिळालं. ते मिळताच त्यानं आपला ड्रायव्हर आपणच शोधला, आपणच बसवला, आणि पिवळं उद्गारचिन्ह डोळ्यांसमोर नाहीसं झालं. मोबाईलची वायर काढली तरी नेट टिकून राहिलं.

"तुला हे कसं माहीत?" मी विचारलं.

"लाइन जाते ना अधूनमधून. तुम्ही ऑफिसात असता. मग मी असंच करते."

"काखेत कळसा," आई म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही.

बरोबर पाचला खोलीचं दार बंद झालं. दाराबाहेर मी, आई आणि सर्वज्ञ. आई खुर्चीवर, आम्ही दोघं दाराला कान लावून. परीक्षा घेणाऱ्या बाईंचा आवाज शांत होता. त्यांनी दिलेला उतारा हिनं वाचला. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण उताऱ्यात नदी होती आणि आम्हाला दाराबाहेर क्षणभर गार वाटलं. मग बाई म्हणाल्या, "वाचन उत्तम. पण त्या दुसऱ्या बाईंचंही उत्तम झालं. आता न वाचता काहीतरी सांगा. आजच घडलेलं. त्यात जेवढी माणसं असतील तेवढे आवाज आम्हाला ऐकू आले पाहिजेत."

आता काय येणार ते मी ओळखलं.

"अगं, तू तुझ्या वाचनाचं बघ," दारापलीकडून मी म्हणालो. "मला कळतं यातलं."

हुबेहूब मी! तोच सूर, शेवटाला तसाच घशात अडकणारा मोठेपणा. सर्वज्ञ तोंडावर रुमाल धरून हसायला लागले, आणि तेवढ्यात आतून त्यांचा स्वतःचा आवाज आला, "घोड्यासारखा पळेल!" त्यांनी रुमाल खिशात घातला. मग पाच तारे मागणारी मुलगी आली. दोष घराचा आहे म्हणणारा दुकानदार आला. कबुतरंसुद्धा आली आणि तबकडी गेली म्हणून आपसांत घुमली. आणि प्रत्येक दोन माणसांच्या मध्ये एक बारीक आवाज यायचा, "अहो, मी काय म्हणते..." आणि माझा आवाज त्याच्यावर येऊन आदळायचा. परीक्षा घेणाऱ्या बाई हसत होत्या. आई डोळे पुसत होती. पाचव्यांदा की सहाव्यांदा तो बारीक आवाज अर्ध्यावर तुटला तेव्हा बाई हसायच्या थांबल्या. मीही दारापासून कान काढला.

खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या वर अभिमान वाटला. एवढी मोठी कला रोज सकाळी आमच्या घरात पेपर घेऊन बसत होती आणि मी रुमाल शोधत होतो.

"तुमच्या यजमानांचा आवाज कमाल जमलाय," बाई शेवटी म्हणाल्या. "किती सराव केलात?"

"सराव नाही हो," ही म्हणाली. "लग्न केलं."

हिची निवड झाली. तिनं वाचलेलं पहिलंच पुस्तक विनोदी होतं, आणि त्यात एक अतिशहाणे काका होते. संस्थेनं आग्रह धरला की काकांना परीक्षेतलाच तो आवाज द्यायचा. आता ज्यांनी मला कधी बघितलं नाही आणि बघणारही नाहीत, अशी कितीतरी माणसं मला आवाजानं ओळखतात. संस्थेकडे पत्रं येतात, ते काका पुन्हा ऐकवा म्हणून. बाल्कनीत कबुतरं सुखात आहेत. तबकडी अजून कॉम्प्युटरच्या पोटातच आहे.

परवा संध्याकाळी आई कानात इयरफोनच्या गुंड्या घालून ते पुस्तक ऐकत होती आणि एकटीच हसत होती. मी विचारलं काय झालं, तर तिनं एक गुंडी काढून माझ्या कानात घातली. मी आत बोलतच होतो. ऐकता ऐकता मला एका जागी काकांची चूक दिसली. ती हिला समजावून सांगावी म्हणून मी तोंड उघडलं, तोच ही दारात आली.

"अहो, मी काय म्हणते..."

मी तोंड मिटलं. कानातली गुंडी काढली. आईकडची दुसरीही काढली. खिडकी लावली, पंखा बंद केला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिच्यासमोर नीट बसलो.

"सांग," मी म्हणालो. "सावकाश सांग. मी शेवटपर्यंत ऐकतो."

ही माझ्याकडे बघत राहिली. आईसुद्धा बघत राहिली.

"आता काय सांगू?" ही म्हणाली. "दूध उतू चाललंय, एवढंच म्हणत होते. गेलं ते."